‘भ्रष्टता’ काढा, ‘नासणे’ आणा: बायबलातील ‘फ्थोरा’ या शब्दाविषयी

नव्या करारात ‘फ्थोरा’ हा ग्रीक शब्द 9 वेळा येतो. पौलाच्या पत्रांत पाच वेळा: रोम 8:21, 1 करिंथ 15:42 आणि 15:50, गलती 6:8, कलस्सै 2:22. उरलेले चार 2 पेत्रात आहेत: 1:4, 2:12 मध्ये दोनदा आणि 2:19. प्रचलित मराठी बायबलात याच शब्दाला कुठे नश्वरता, कुठे विनाशीपण, कुठे नाश आणि 2 पेत्रात भ्रष्टता असे प्रतिशब्द आले आहेत. एका शब्दाला जागेनुसार वेगळे प्रतिशब्द देणे हा भाषांतराचा दोष नाही. पण यातला ‘भ्रष्टता’ हा शब्द आजच्या वाचकाला भलतीकडे नेतो. ‘नश्वरता’ही एका मर्यादेपलीकडे अर्थ झाकते. मराठी बायबलाच्या पुढच्या सुधारित आवृत्तीत ‘भ्रष्टता’ काढून तिथे ‘नासणे’ आणावे, आणि तोवर निदान व्यासपीठावरून व अभ्यासवर्गातून तरी तसे सांगितले जावे, असे माझे ठाम मत आहे.

‘जगातील भ्रष्टता’ हे शब्द आज कानावर पडले की लाच, टेंडर, टक्केवारी डोळ्यांपुढे येते. ‘भ्रष्टाचार’ या शब्दाने ‘भ्रष्ट’चा सगळा अर्थ आपल्याकडे ओढून घेतला आहे. इंग्रजीतही नेमके हेच झाले. लॅटिन बायबलात ‘फ्थोरा’साठी ‘कॉरप्तिओ’ आला. तिथून 1611च्या इंग्रजी भाषांतरात ‘करप्शन’ आला आणि त्या काळी तो प्रेत कुजण्यालाही चालत होता. पुढे इंग्रजीतला अर्थ लाचलुचपतीकडे आकसला. आता मराठी उपदेशक इंग्रजी टीकाग्रंथ उघडतो, ‘करप्शन’ वाचतो, मनात ‘भ्रष्टाचार’ असे भाषांतर करतो आणि 2 पेत्रावर सरकारी कचेऱ्यांविषयी प्रवचन देतो. प्रवचन चांगले असेल, पण ते बायबलाच्या त्या ओवीवरचे (वचनावरचे) नसते.

मग या शब्दाचा अर्थ काढायचा कसा? मोबाइलमधल्या शब्दकोशात स्ट्राँगचा (बायबलातील मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या सूचीतला) क्रमांक 5356 दाबला की कुजणे, नाश, विध्वंस, नैतिक अधःपात अशी यादी येते. इथेच पहिली चूक होते. यादी म्हणजे अर्थ, असे समजून वाचक हवा तो शब्द उचलतो, किंवा सगळे अर्थ एकाच ओवीत कोंबतो. यादी एवढेच सांगते की वेगवेगळ्या जागी भाषांतरकारांनी काय काय लिहिले. खरी पद्धत कष्टाची असली तरी अवघड नाही. नऊही ओव्या एका कागदावर लिहाव्यात. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात: काय नासते आहे, कशामुळे, आणि समोर विरुद्ध शब्द कोणता ठेवला आहे. मग एकेक मराठी शब्द घेऊन तो नऊही जागी बसवून पाहावा. जिथे तो मोडतो, तिथे त्या शब्दाची हद्द कळते.

‘कुजणे’ घेऊन पाहा. कलस्सै 2:22 ला ते लगेच अडते. “हाताळू नको, चाखू नको, शिवू नको” अशा नियमांविषयी पौल म्हणतो की या साऱ्या वस्तू वापरल्याने फ्थोराला जाणाऱ्या आहेत. विषय खाण्यापिण्याचा आहे. भाकरी खाल्ली की संपली, यात कुजण्याचा संबंध नाही आणि पापाचा तर मुळीच नाही. उलट त्या वस्तू इतक्या साध्या, वापरून संपणाऱ्या आहेत की त्यांच्यावर धर्म उभारू नका, हाच पौलाचा मुद्दा आहे. इथे ‘भ्रष्टता’ घातली तर अर्थ अगदी उलटा होईल: वस्तूच अपवित्र आहेत, म्हणून शिवू नका. ज्या मताशी पौल भांडतो आहे, तेच मत त्याच्या तोंडी जाईल.

2 पेत्र 2:12 मध्येही तसेच. पशू “धरले जाण्यासाठी आणि फ्थोरासाठी” जन्मलेले आहेत, असे तिथे म्हटले आहे. शिकारीत पशू मारला जातो. तो भ्रष्ट होत नाही, आणि कुजायला वेळ मिळण्याआधीच त्याचे मांस शिजते. पुढच्याच वाक्यांशात हा शब्द पुन्हा येतो आणि त्याचे क्रियापदही येते: हे खोटे शिक्षक पशूंच्या फ्थोरात स्वतःही नासतील. एका ओवीत तीनदा तोच नाद आहे. तीन जागी तीन वेगळे मराठी शब्द घातले की लेखकाचा हा घाव बोथट होतो.

सर्वांत बोलका पुरावा नामाचा नाही, विशेषणाचा आहे. 1 पेत्र 1:18 मध्ये सोने आणि रुपे यांना ‘फ्थार्तोस’ (नाशवंत) म्हटले आहे. सोने कुजत नाही, गंजतही नाही, हे पहिल्या शतकातल्या माणसालाही ठाऊक होते. तरी ते फ्थार्तोस, कारण तेही कायम टिकणारे नाही. म्हणजे या शब्दकुळाच्या गाभ्यात वास, बुरशी, किडे नाहीत. एखादी वस्तू ज्यासाठी होती त्या कामाची उरत नाही, तिची घडण सुटत जाते आणि शेवटी ती संपते, हा गाभा आहे. झीज, नासाडी, विध्वंस, वापरून संपणे, बिघडणे हे सगळे त्याच्या टप्प्यात येते.

बायबलाबाहेरचे ग्रीकही हेच सांगते. अॅरिस्टॉटलच्या एका ग्रंथाचे नावच ‘उत्पत्ती आणि फ्थोरा’ असे आहे. त्यात नीतीचा प्रश्न नाही, वस्तू कशा होतात आणि कशा मोडतात याचा विचार आहे. इसवी सनापूर्वी 399 मध्ये सॉक्रेटिसवर जो खटला चालला, त्यात तरुणांना बिघडवल्याचा आरोप याच कुळातल्या ‘दियाफ्थेइरो’ या क्रियापदाने मांडला होता. मराठीत तो आरोप कोणीही सहज करील: “याने आमची पोरं नासवली.” ‘दिदाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत हाच ‘फ्थोरा’ गर्भपातासाठी वापरला आहे. पोरीची अब्रू घेणे, जहाज फुटणे, शेत उजाड होणे हेही या शब्दकुळात बसते.

जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुअजिंटमध्ये, निर्गम 18:18 ला हा शब्द एका अगदी घरगुती जागी सापडतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडे करत बसलेला असतो. सासरा इथ्रो ते पाहून म्हणतो की अशाने तू आणि तुझ्याबरोबरचे लोक झिजून जाल. मूळ हिब्रूत पान कोमेजावे तसा शब्द आहे आणि ग्रीक भाषांतरकाराने तिथे ‘फ्थोरा’ घातला आहे. यात मोशेचे पाप नाही. कामाचा भार एका माणसावर पडला की माणूस संपतो, एवढेच. नव्या करारातले पहिले वाचक हेच ग्रीक शास्त्र वाचत होते, तेव्हा त्यांच्या कानाला हा अर्थही परिचित होता.

आता मराठीकडे येऊ. ग्रीकमध्ये या एका कुळाने जेवढा प्रदेश व्यापला आहे, तेवढा व्यापणारा शब्द मराठीत आधीच आहे. दूध नासते. पोरगा नासतो. पिकाची नासाडी होते. गुंड नासधूस करतात. अन्नाची नासाडी करू नये असे आपण मुलांना सांगतो. भाजी, फळे, मासळी यांना बाजार समितीत ‘नाशवंत माल’ म्हणतात. आपोआप होणारे आणि कोणी मुद्दाम केलेले, शरीराचे आणि शीलाचे, दोन्ही या शब्दात सहज मावते. 1 करिंथ 15:33 मध्ये पौल एक ग्रीक वचन देतो: वाईट संगती चांगल्या सवयी ‘फ्थेइरो’ करतात, हे ‘फ्थोरा’च्याच कुळातले क्रियापद. मराठीत तीच गोष्ट म्हणीत आहे: एक नासका आंबा सगळी आढी नासवतो. क्रियापदही तेच.

शिवाय नासणे, नाश, नाशवंत, विनाशी, अविनाशी, नश्वर हे सगळे शब्द संस्कृत ‘नश्’ या एकाच धातूचे. ग्रीकमध्ये ‘फ्थोरा’ आणि ‘आफ्थार्सिया’ (अविनाशीपण) समोरासमोर ठेवले की दोन्हींत तोच धातू ऐकू येतो. मराठीतही नासणे आणि अविनाशीपण समोरासमोर ठेवले की तसेच ऐकू येते. त्यामुळे उपासनेत रुळलेला ‘अविनाशी’ बदलण्याची गरजच नाही. या घरात ‘भ्रष्टता’ तेवढी परकी आहे. ती 2 पेत्रात बसली की रोम आणि करिंथ वाचून आलेल्या वाचकाला कळतच नाही की हा तोच शब्द आहे.

“नासणे हा शास्त्रग्रंथाला शोभणारा शब्द नाही, फार घरगुती आहे,” हा आक्षेप येईल. पण मराठी बायबलात तो आधीच आहे. याकोब 5:2 मध्ये श्रीमंतांना सुनावताना “तुमचे धन नासले आहे” असेच म्हटले आहे आणि पुढे वस्त्रांना कसर लागल्याचे. तिथला ग्रीक शब्द मात्र ‘सेपो’ आहे, आणि तो खरोखर सडण्याचा शब्द आहे. काटेकोरपणे पाहिले तर याकोबात ‘सडले’ चालेल आणि पेत्रात ‘नासले’ हवे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे खर्च केली. ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी छापले गेले. घरगुती शब्दाला शास्त्रात जागा नाही, हे त्या परंपरेला धरून नाही.

‘साप्रोस’ हा आणखी एक शब्द इथे वेगळा करावा लागतो, कारण तोही ‘कुजका’ म्हणून शिकवला जातो. मत्तय 13:48 मध्ये जाळे किनाऱ्यावर ओढून मासे निवडले जातात, चांगले भांड्यात आणि ‘साप्रोस’ ते फेकून. हे जाळे कोकणातल्या रापणीसारखे ओढजाळे आहे. आत्ताच ओढलेल्या जाळ्यातला मासा कुजका कसा असेल? तो खाण्यास निषिद्ध किंवा बिनकामाचा असतो. लेवीय 11 प्रमाणे पर आणि खवले नसलेला मासा यहुद्यांना चालत नव्हता आणि गालील सरोवरात तसा बिनखवल्याचा मासा आहेच. इफिस 4:29 मध्ये याच शब्दाने ज्या बोलण्याला मनाई केली आहे, ते केवळ अश्लील बोलणे नाही, कोणाच्याच उपयोगी न पडणारे बोलणेही त्यात येते.

मग ‘कुजणे’ कुठे बरोबर आहे? प्रेषितांची कृत्ये 2:27 आणि 2:31 मध्ये, तसेच 13:34 ते 37 मध्ये. तिथे ‘दियाफ्थोरा’ हा जोडशब्द आहे. नव्या करारात तो सहाच वेळा येतो आणि सहाही वेळा कबरेतल्या देहाविषयी येतो. तिथे स्तोत्र 16:10 उद्धृत केले आहे: देव आपल्या भक्ताला ‘शहत’ पाहू देणार नाही. या हिब्रू शब्दाचा अर्थ खड्डा असाही होतो आणि नासणे असाही लावता येतो. सेप्टुअजिंटने दुसरा अर्थ घेतला. पेत्राचा युक्तिवाद त्यावरच उभा आहे: दावीद मेला, पुरला गेला, त्याची कबर आजही इथे आहे, म्हणजे हे स्तोत्र त्याच्यापुरते असू शकत नाही. इथे देह आणि कबर स्पष्ट आहेत, म्हणून ‘कुजणे’च हवे.

पण 1 करिंथ 15:42 मध्ये तसे नाही, आणि चूक सर्वांत जास्त इथेच होते. “फ्थोरात पेरले जाते, अविनाशीपणात उठवले जाते.” दफनविधीत हे वाचले जाते, म्हणून सगळे समजतात की पेरणे म्हणजे पुरणे आणि फ्थोरा म्हणजे मातीत कुजणे. पुढे हमखास सांगितले जाते की बीसुद्धा कुजते, तेव्हाच अंकुर फुटतो. कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. वाफसा नसताना पेरले, काळ्या रानात पाणी साचले, बी खोल गेले, की बी कुजते, आणि कुजलेले बी उगवत नाही, दुबार पेरणी करावी लागते. उगवणाऱ्या दाण्यात वेगळेच घडते: दाणा पाणी पितो, फुगतो, आतला पिठूळ साठा विरघळून कोंबाला पोसतो, टरफल रिकामे होते. दाणा दाणा म्हणून उरत नाही, पण तो सडलेलाही नसतो. पौलाने 15:36 मध्ये दाण्याविषयी ‘मरणे’ म्हटले आहे, कुजणे म्हटलेले नाही.

पुढच्या जोड्याही पाहाव्यात: अपमान आणि गौरव, अशक्तपणा आणि सामर्थ्य. अशक्तपणा प्रेताला नसतो, जिवंत माणसाला असतो. त्यामुळे ‘फ्थोरात पेरलेले’ म्हणजे आपले आजचे, आजारपणाचे, म्हातारे होत जाणारे जगणे. 2 करिंथ 4:16 मध्ये पौल हेच दुसऱ्या शब्दांत म्हणतो: आपला बाहेरचा माणूस नासत चालला आहे. ते क्रियापद वर्तमानकाळी आहे आणि याच कुळातले आहे. इफिस 4:22 मध्येही जुना माणूस ‘नासत चाललेला’ आहे. कर्करोगाने झिजणाऱ्या बाईला हे वचन ऐकवताना त्यातून फक्त कबरेची माती ऐकवणे ही तिच्यावर अन्याय करणारी वाचनपद्धत आहे. शिवाय 15:53 मध्ये हेच नाशवंत शरीर अविनाशीपण ‘पांघरते’. जुने फेकून दुसरे आणले जात नाही.

‘नश्वरते’विषयीचा माझा आक्षेप इथून येतो. मराठी मनात ‘नश्वर’ या शब्दाबरोबर देह नश्वर, संसार नश्वर, म्हणून त्यात जीव गुंतवू नये, हा सगळा विचार येतो. ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायात क्षर (नाशवंत) आणि अक्षर (अविनाशी) यांचे जे विवेचन आहे, ते वाचलेला माणूस रोम 8:21 त्याच चौकटीत वाचेल. भाषाशास्त्रात ‘फ्थेइरो’ आणि संस्कृत ‘क्षर्’ यांचे नाते मांडलेले आहे. म्हणून मोह अधिकच होतो: आफ्थार्तोस (अविनाशी) म्हणजेच अक्षर! धातूचे नाते असेलही, पण दोन-तीन हजार वर्षे वेगळ्या भाषांत वापरले गेलेले शब्द धातूवरून एकाच अर्थाचे ठरत नाहीत. गीतेत अक्षर हे क्षराच्या पलीकडचे आहे. रोम 8 मध्ये मात्र सृष्टीच दास्यातून सुटते, तिच्यातून कोणी सुटत नाही. 8:22 मध्ये सृष्टीचे जे कण्हणे आहे ते प्रसूतीचे आहे. ‘नश्वरता’ हा वस्तूचा स्वभावगुण होतो, आणि स्वभावगुणाच्या गुलामीतून कोणी सुटत नसते. “नासत जाण्याच्या दास्यातून सृष्टीही सोडवली जाईल” असे म्हटले की काहीतरी बिघडले आहे आणि ते दुरुस्त होणार आहे, हे ऐकू येते.

उष्मागतिकीचा दुसरा नियम (आपोआप घडणाऱ्या प्रक्रियांत एकूण अव्यवस्था वाढत जाते, हा) म्हणजेच रोम 8 मधले फ्थोरा, असेही हल्ली सांगितले जाते. पचन, श्वास, बीजाची उगवण हे सगळे त्याच नियमाने चालते. तो नियम उठला तर सृष्टी मुक्त होणार नाही, थांबेल. पौलाच्या वाक्यावर एकोणिसाव्या शतकाचे भौतिकशास्त्र लादू नये.

याचा सार्वजनिक परिणाम पर्यावरणाच्या प्रश्नात दिसतो. “जग नश्वरच आहे, जळून जाणार आहे” असे म्हणून नदी, डोंगर, किनारा यांविषयी हात झटकणारे ख्रिस्ती लोक आहेत. त्यांना शास्त्रातून उत्तर देता येते आणि ते याच शब्दकुळात आहे. उत्पत्ती 6:11 ते 13 मध्ये पृथ्वी ‘नासली’ आणि देव म्हणतो की मी त्यांना पृथ्वीसह नासवीन. हिब्रूतही दोन्हीकडे एकच क्रियापद आहे. प्रकटीकरण 11:18 मध्ये पृथ्वीची नासाडी करणाऱ्यांची नासाडी करण्याची वेळ आली, असे तोच शब्द दोनदा वापरून म्हटले आहे. 1 करिंथ 3:17 मध्ये देवाच्या मंदिराची नासाडी करणाऱ्याची देव नासाडी करील. तिन्ही ठिकाणची ही रचना मराठीत ‘नासाडी’नेच ऐकू येते. ‘भ्रष्ट’ आणि ‘नाश’ अशी फोड केली की शिक्षा आणि गुन्हा यांचे नाते तुटते. पोप फ्रान्सिस यांच्या 2015च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात सुरुवातीलाच रोम 8:22 चे कण्हणे आले आहे, ते याच वाचनाला धरून.

‘नासणे’ प्रत्येक ठिकाणी बसत नाही, हेही मान्य केले पाहिजे. सोन्यारुप्याला ‘नासके’ म्हणता येणार नाही, तिथे ‘नाशवंत’च हवे. कलस्सै 2:22 मध्ये “वापरून संपणाऱ्या” हे सर्वांत नेमके. 2 पेत्र 1:4 मध्ये “वासनेमुळे जगाची जी नासाडी चालली आहे तिच्यातून सुटून” असे म्हणता येईल आणि 2:19 मध्ये “ते स्वतः नासाडीचे दास आहेत”. दास हा शब्द रोम 8:21 मधल्या दास्याशी लगेच जुळतो. जे खोटे शिक्षक मुक्तीचे आश्वासन देतात, तेच त्या गुलामीत आहेत ज्यातून सृष्टी सुटू पाहते आहे. हा धागा आजच्या मराठी बायबलात दिसत नाही.

गलती 6:8 वर मात्र शब्द बदलून वाद मिटणार नाही. देहासाठी पेरणारा फ्थोराचे पीक घेतो, आत्म्यासाठी पेरणारा सार्वकालिक जीवनाचे. दुष्टांचा शेवटी पूर्ण नायनाट होतो असे मानणारे या ओवीवर बोट ठेवतात: जीवनाच्या विरुद्ध नासणे ठेवले आहे, यातना नव्हेत. अनंत शिक्षा मानणारे म्हणतात की इथे पिकाची प्रतिमा आहे, कालावधीचा निवाडा नाही. ‘फ्थोरा’ हा शब्द पूर्ण संपण्यालाही चालतो आणि नासक्या अवस्थेलाही. त्या प्रश्नाचा निकाल मत्तय 25 आणि प्रकटीकरण 20 वाचून लावायचा आहे. तिथे हा शब्द येतच नाही.